खंड

सहावी ब, तुर्भे, खाणीकडची खोली.
फळ्याशेजारी आफ्रिकेचा नकाशा,
खिळा एकच, त्यामुळे मादागास्कर
पंख्याच्या वाऱ्यात सारखं हलत असतं.

चाचणीत मी विचारलं होतं :
आफ्रिका खंडातील कोणतीही चार पिके लिहा.
पुस्तकात कोको आहे, कापूस, भुईमूग, ताडतेल.
चैत्राली शेलारने एकच लिहिलं :
तूर. पन्नास किलो. मोझांबिक.
गोणीवर छापलेलं असतं.

मी अर्धा गुण दिला.

तिचा बाप दाणाबंदरात माथाडी.
पालकसभेला आला तो थेट गाळ्यावरून,
भुवयांवर तुरीची पूड.
हिंदुराव शेलार, तालुका पाटण.
म्हणाला, बाई, अर्धा का?
भांडायला नव्हे.
वजनात घट आली की
काटेवाल्याला विचारतात, तसं.

मग त्यानं नकाशावर बोट ठेवलं.
"हे बैरा. इथली गोण कच्ची शिवलेली,
आकडा लावला की उसवती.
हे वरचं नकाला. शिवण बरी.
हे मलावी, ह्याला दर्या न्हाई,
म्हणून ह्याचा माल
दुसऱ्याच्या अंगणातनं येतो."
भूवेष्टित देश.
एकवीस वर्षं मी ही व्याख्या लिहून देते.

मला काहीतरी परत द्यायचं होतं.
मी त्याला खचदरी दाखवली,
तांबड्या समुद्रापासून खाली उतरणारी.
म्हटलं, इथे जमीन फाटते आहे,
बोटाचं नख वाढतं त्याहून सावकाश.
तो म्हणाला, "आमच्याकडं एका रात्रीत फाटली हुती.
सदुसष्टला. आज्यानं सकाळी बघितलं,
तर म्हस एकीकडं, दावं एकीकडं."

मग मी थांबलेच नाही.
सांगितलं की आपण कधीकाळी तिकडेच चिकटलेलो होतो,
त्या हलणाऱ्या मादागास्करच्या कुशीला,
सुटलो, सरकत राहिलो, सरकता सरकता
पोटातून लाव्हा ओतला थरांवर थर,
आणि त्यातलाच एक थर हा पारसिकचा डोंगर,
ज्याची खडी भरून डंपर
आत्ता या क्षणी खिडकीखालून जातोय,
म्हणून मला ओरडून बोलावं लागतंय.

डंपर गेला.
तो म्हणाला, "म्हंजे खंड म्हंजे तुटल्यालं.
आमच्यात खंड वेगळा.
दुसऱ्याची जमीन कसायची
आन धान्य मोजून त्याच्या दारात टाकायचं.
आज्यानं लई टाकलं."

खिशातून त्यानं कागदाची पुडी काढली.
आत लाल मातीचं ढेकूळ, सुपारीएवढं,
तुरीतनं निघालेलं.
"वास घ्या. डोळं मिटलं
तर आमच्या सड्यावरची म्हणाल."
मी घेतला.
मी ठाण्यात वाढले, चौथ्या मजल्यावर.
मला कुठल्याच सड्याची आठवण आली नाही,
पण मान हलवली.

दारातून तो परत वळला.
"बाई, बंदरापतोर ही गोण
तिकडं कोण उचलतं?
त्यास्नी बोर्ड हाय का? हजेरी? पास?"

नकाशावर पर्जन्याच्या रेषा आहेत,
लोकसंख्येची घनता फिकट ते गडद,
तळाशी सूची, सूचीत
लोहमार्ग, खनिजं, हवाई मार्ग.
मी सूची दोनदा वाचली.
माहीत नाही, म्हणाले.
तो म्हणाला, "असू द्या,"
जणू चूक त्याच्याच हिशेबात होती.

घरी गुणपत्रिका काढली.
अर्ध्याचा एक केला.
पेन तसंच धरून बसले बराच वेळ,
कारण प्रश्नात पिकं चार होती
आणि नियम मीच केला होता.

ढेकूळ वर्गाच्या खिडकीत आहे.
खाणीची राखाडी धूळ त्यावर रोज बसते,
रोज कुणीतरी फुंकर मारतं.
चैत्रालीने वहीचं पान फाडून
शेजारी चिकटवलंय :
हात लावू नये. मोझांबिक.