दोन दशांश

घण लावायचा असेल तर पहाटे चारला यावं लागतं.
ओढ्यावर अंधार असतो
आणि क्रोपा गावात दोनच दिवे :
एक बेकरीचा, एक आमचा.

लोव्रो म्हणायचा, घाव घालणारे ढीगभर मिळतात,
घाव कुठे पडावा ते ठरवणारा पाळीला एकच.
त्याला पगार किंचित जास्त,
शिव्या पुष्कळ जास्त.

पहिले सहा महिने त्यानं मला दांड्याला हात लावू दिला नाही.
खालचा साचा पूस. वरचा साचा पूस.
थुंकून बघ :
थुंकी बसून राहिली तर थंड,
नाचत पळाली तर थांब, जरा निवू दे.
पाचर ठोक. काढ. पुन्हा ठोक.
मग साच्यात शिशाचा गोळा आणि एक हलका घाव.
शिसं खोटं बोलत नाही, तो म्हणायचा,
म्हणून तर त्याची कुऱ्हाड होत नाही.

शिशात उमटायची कुदळ,
तिचे दोन अर्धे एकमेकांवरून जरासे घसरलेले,
झोपेत कूस बदललेल्या नवराबायकोसारखे.
फरक सुताचा नसायचाच,
सुताच्या दहाव्या हिश्श्याचाही नसायचा कधी कधी.
लोव्रो अंगठ्याचं नख फिरवायचा कडेवरून,
आणि नख अडलं की
सगळं पहिल्यापासून.

सहाला कामगार यायचे, भट्टी पिवळी व्हायची,
आणि पहिल्या घावाला
वरच्या आळीतल्या कपाटांतून बशा बोलू लागायच्या.
कुदळी, फावडी, कड्यात ठोकायच्या मेखा.
त्या मेखांवर कुणाचं तरी अख्खं वजन लटकायचं,
आम्ही त्यांना कधी पाहिलं नाही.

तो घरी बसल्याला अकरा वर्षं झाली.
मागच्या मार्चमध्ये मी तिसरा घण उघडला.
डाव्या सरकपट्टीमागे, ग्रीसच्या काळ्या चिखलात,
घट्ट बसलेलं एक पोस्टकार्ड.
रॉकेलनं पुसलं तेव्हा आधी समुद्र दिसला,
मग धुराडी. पोर्ट केंब्ला, ऑस्ट्रेलिया.
मागे चार ओळी :
*भट्टी आपल्यापेक्षा दसपट. खोलीत दुसरी खाट आहे.
सुट्टीच्या दिवशी लोक वाळूवर नुसते पडून राहतात.
तुझं नाव मुकादमाला सांगून ठेवलंय. कळव. नात्से.*
शिक्का एकोणीसशे एकोणसत्तरचा.

रविवारी मी ते घेऊन चढण चढले.
त्यानं चष्मा लावला, काढला,
पुसून पुन्हा लावला.
त्या रात्री दोन दशांश कमी पडत होतं, तो म्हणाला,
कोठाराला कुलूप, किल्ली मुकादमाच्या खिशात,
मुकादम लग्नाला.
माझ्या खिशात एवढंच होतं.

मी विचारलं, उत्तर पाठवलं होतंस?
त्याचा उजवा कान अजून थोडा ऐकतो.
मी डावीकडे बसले होते.

बायकोनं आतून अक्रोडाची पोळी आणली.
आम्ही ती खाल्ली.
खाली ओढा नेहमीसारखा बडबडत होता,
रविवारी त्याचं ऐकू येतं.

किती भरलं?
पोळीचे कण बोटानं गोळा करत त्यानं अचानक विचारलं.
काय?
कार्ड. मापलं असशीलच की, नेझा.

मापलं होतं.
अठरा शतांश.

म्हणजे दोन शतांश झिजलं, तो म्हणाला.
एवढ्या वर्षांत, एवढ्या घावांखाली, दोन शतांश.
त्याच्या आवाजात जे होतं
ते मी त्याच्या तोंडून फक्त चांगल्या पोलादाबद्दल ऐकलं होतं.

मग तिथे काय घातलंस?
पितळेची पट्टी.
पितळ, तो म्हणाला,
आणि मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.
कार्ड त्यानं माझ्यापुढे सरकवलं,
मी त्याच्यापुढे.
शेवटी ते टेबलावरच राहिलं,
पोळीच्या ताटलीला टेकून, समुद्राची बाजू वर.

सोमवारी पहाटे चारला
मी शिशाचा गोळा ठेवला, घण सोडला,
आणि कडेवरून नख फिरवलं.
अडलं नाही.
मी पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.