दहाव्या मिनिटाची नोंद

परमिट चार वाजेपर्यंतचं. आता बारा वाजून दहा.
बोरगव्हाणच्या उपकेंद्रात गिट्टीवरून झळा उठतात,
ऑपरेटर पत्र्याच्या सावलीत टरबूज कापून बसलाय,
आणि जमिनीखालून, रेल्वे फाटक ओलांडून नाल्याकडे,
तेहतीस केव्हीची केबल. सहाशे साठ मीटर. अठरा वर्षांची.

नन्नावरे म्हणतात, "मॅडम, डीसीच लावा.
आमी तं जलमभर तेच लावलं.
टिकली तं टिकली. फुटली तं खोदाले मोकळे."

खोटं नाही. कागद-तेलाच्या केबलींचा तो काळ,
डीसीनं दरडावलेलं त्यांना सोसायचं.
हे प्लास्टिक निराळं.
त्याला दमात घेतलं की ते आज हो म्हणतं,
भार पोटात धरून ठेवतं
आणि पंधरा दिवसांनी, कुणी काही विचारत नसताना,
रात्री साडेतीनला खरं उत्तर देतं.
मागच्या उन्हाळ्यात तशा एका 'हो'खाली
माझीच सही होती.

म्हणून आधी मेगर. पाच हजार व्होल्ट म्हणजे नुसती विचारपूस.
लाल बरा. पिवळा बरा.
निळा पहिल्या मिनिटाला एक पॉइंट आठ,
दहाव्या मिनिटाला दोन.
रडतं पोर मांडीवर हळूहळू निवतं
तसा करंट निवायला हवा होता.
हा हुंदके देतच राहिला.

मग व्हीएलएफ. दहा सेकंदांत एकच हेलकावा,
इतका सावकाश की चढताना मालगाडीची शिट्टी ऐकू येते
आणि उतरताना ऑपरेटरनं थुंकलेली बी.
त्याच हेलकाव्यावर टॅन डेल्टा.
व्होल्टेज एक पायरी चढवलं. दुसरी. तिसरी.
दोन आलेख आडवे निजून राहिले,
निळ्याचा मान वर काढून बघू लागला.
सांडतंय किती, ते हा सांगतो.
कुठं, ते नाही.

कुठं, ते पार्शल डिस्चार्जनं सांगावं, मीटरसकट.
कान लावला. तिन्ही फेज गप्प.
जॉइंट धड आहेत; कय्यूम मिस्त्रीनं अठरा वर्षांपूर्वी
गुंडाळलेली टेप अजून शब्द पाळते.

मग उरतं पाण्याचं झाड.
प्लास्टिकच्या जाडीत ओल शिरते,
केसाहून बारीक फांद्या टाकते, विजेच्या दिशेनं,
वर्षाला थोडी थोडी, आणि वाढताना कडकडत नाही.
मे महिन्यात हा सगळा टापू बोडखा
आणि खाली, हात-दीड हातावर, ते पालवतंय.
कुठल्या मीटरवर?
माझ्या गाडीत सोळा लाखांची यंत्रं. सगळी निरुत्तर.

नन्नावरे उठले, चप्पल काढून केबलीच्या रेघेवरून चालत गेले.
काळ्या मातीला पाय जाईल एवढ्या भेगा.
फाटकापलीकडं, बाभळीच्या अलीकडं, थांबले.
तिथं भेग नव्हती. चार हात हरळी होती.
"नळयोजनेचा पाईप पाझरते इथं. तीन साल झाले.
म्हशीले म्हाईत हाय, मॅडम. तुमच्या मशीनीले नाई?"

परत येऊन अर्थिंगची काठी लावली.
ठिणगी.
काठी काढली, मिनिटभर थांबून पुन्हा लावली.
पुन्हा ठिणगी, लहान.
तिला दिलेलं ती लगेच सोडत नाही.
जेवढा वेळ छळलं त्याहून जास्त वेळ काठी ठेवायची,
हे मला पुस्तकानं नाही, नन्नावऱ्यांच्या
डाव्या हाताच्या दोन बोटांनी शिकवलं.

फॉर्मवर रकाने दोनच: पास, नापास.
मी मधल्या रेघेवर लिहिलं:
निळा फेज ओला. डीसी लावू नये.
फाटकापलीकडचा तुकडा बदलावा. पाईप आधी.
पद्धत या रकान्यात चार नावं आली,
पाचवं लिहिताना पेन अडलं,
मग लिहिलं: प्रत्यक्ष पाहणी, अनवाणी.

तीन चाळीसला परमिट परत. ब्रेकर आत.
नाल्यापाशी नळयोजनेची मोटर बोलू लागली,
ती याच केबलीवर चालते,
आणि थोड्या वेळानं
हरळीतून पाणी वर आलं.