चार मिनिटं आधी मेलेला राजा

रंगमंचाच्या पुढच्या कडेला, लाकडी झाकणाखाली
माझी जागा. तिथून मला माणसं कमी दिसतात, बूट जास्त.
तीस वर्षं टार्टूच्या या नाटकघरात
मी नटांना विसरलेली वाक्यं पुरवते.
अर्वो लेपिकचा डावा बूट कायम पिठाळलेला.

तो राजे करतो. म्हातारे, चक्रम, मुकुट सैल झालेले.
सकाळी मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहितो:
एक करकोचा, उंचीला घाबरणारा;
एक टपालपेटी, जिला प्रेमपत्रांनी अपचन होतं.
आणि मधल्या वेळात पाककृतींची पुस्तकं,
ज्यांनी आजवर कुणाचं पोट भरलेलं नाही.
हेरिंगची कृती अशी सुरू होते:
"आधी माशाची माफी मागा. मनापासून. त्याला कळतं."
काळ्या पावाबद्दल:
"पीठ रात्रभर फुगू द्या. सकाळी नसेल फुगलं
तर त्याच्या जागी तुम्ही फुगून बसा."
"मीठ चवीपुरतं. चव कुणाची ते आधी ठरवा,
लग्न टिकतं."

त्याचं टिकलं नव्हतं.
हे पुस्तकात नाही, बुटावर वाचलं मी:
एका हिवाळ्यात नाडीच्या जागी सुतळी आली.

फेब्रुवारीतला गुरुवार. एमायोगी नदी गोठलेली.
तिसरा अंक. राजा मरायला घेतो
आणि मरता मरता चार मिनिटं बोलतो:
राज्य कुणाला, शिव्या कुणाला, घोडा कुणाला.
"ऐका," तो म्हणाला, आणि थांबला.
मी पुरवलं, "ऐका, सरदारांनो, हा हात..."
काही नाही.
पुन्हा पुरवलं, जरा मोठ्यानं.
बूट दाराकडे वळले, परत आले.
मग तो गुडघ्यांवर बसला, माझ्या झाकणाशी तोंड आणलं
आणि नकली मिशीतून, अखेरच्या श्वासाच्या आवाजात म्हणाला,
"हेल्वे, शेगडीवर बीट राहिलंय."
आणि मेला.

वारस न नेमता.
सरदार एकमेकांची तोंडं बघत राहिले.
एकानं, बिचाऱ्यानं, टोपी काढली.
पडदेवाल्याला मी बोटानं खूण केली.

टाळ्या थांबायच्या आत आम्ही रस्त्यावर,
तो मुकुटासकट, मी वहीसकट,
बर्फावरून घसरत त्या वस्तीत
जिला सूपगाव म्हणतात, जिथे गल्ल्यांना भाज्यांची नावं;
वाटाणा गल्ली सोडून बटाटा गल्ली,
लाकडी जिना, जिन्यात धूर.
दारात खालच्या मजल्यावरची मिर्ट. वय सहा,
पायात बापाच्या सपाता, हातात फडकं, फडक्यात पातेलं.
शेगडी तिच्या आईनं बंद केली होती.

बीट उरलं नव्हतं. काळा ढेकूळ होता,
मध्ये फुगलेला, कडेनं चमकणारा.
आम्ही दोघं मोठी माणसं त्याच्याकडे
मयताला आल्यासारखी बघत उभी.
मिर्ट म्हणाली, "अस्वल झोपलंय. झाकण लावा."
त्यानं लावलं.
अगदी हळू, आवाज न करता.

ते पुस्तक आता वाचनालयात असतं, सोळा पानं,
कोपरे कुणीतरी चावलेले.
त्याच पातेल्याची कृतीही छापून आली:
"बीटाचं सूप. वेळ: एक राजा मरेपर्यंत."
समीक्षकानं लिहिलं, इतकं कंजूष मरण
या मंचावर पूर्वी झालं नव्हतं.
कौतुकानं लिहिलं होतं.
अर्वो तेव्हापासून तसाच मरतो. "ऐका," आणि संपलं.

पण ती चार मिनिटं माझ्या वहीत आहेत,
कुणी खोडायला सांगितली नाहीत.
राज्य कुणाला दिलं, ते आता मलाच ठाऊक.
रविवारी बटाटे सोलताना मी ती म्हणते,
पूर्ण, न अडखळता,
सालींच्या ढिगाला, तीन वाजताच अंधारलेल्या खिडकीला.
घोड्यापाशी आले की आवाज उगाच भरून येतो
आणि मीठ टाकायचं राहतं.