थेट संपर्क

रकान्याचं नाव होतं: रुग्णाशी थेट संपर्क.
त्याखाली दोनच शक्यता, हो किंवा नाही.
नियम माझा नव्हता. मी फक्त टाइप करत होतो,
कोमासच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
लिमाच्या त्या जून महिन्यात
जेव्हा आभाळ खाली येऊन खिडकीला टेकतं,
पाऊस म्हणावा तर कोणी भिजत नाही,
नाही म्हणावा तर दोरीवरचं काही वाळत नाही.

डॉक्टर: हो.
नर्स: हो.
भूलतज्ज्ञ मार्गोत सेवायोस: हो.
तिच्या नाकावर मास्कने काढलेला वळ
तिची मुलगी फोनच्या काचेवरून
बोटाने पुसू बघायची.
संचालकांचे सचिव, मार्चपासून घरूनच काम:
माझं बोट थांबलं.
वरून आलेल्या कागदावर हो होतं.
मी हो लिहिलं.

धुलाई विभाग, कंत्राटी, अकरा नावं: नाही.
म्हणजे भत्ता नाही,
जाड मास्क नाही, पाळीनंतर तपासणी नाही.

त्या अकरांत ग्रिमानेसा यौरी होती.
तळघरात तिच्याकडे चादरींची गाठोडी यायची,
कधीकधी अजून कोमट.
गाठ सोडली की आत काय काय निघायचं:
कवळी, कानाचं यंत्र,
एकदा अंगठी, एकदा चिठ्ठी,
‘बटाट्यांचे चार सोल एल्साबाईंना देणे.’
ती सगळं बिस्किटांच्या डब्यात ठेवायची,
चिकटपट्टीवर खाटेचा नंबर घालून.
चार सोल तिने स्वतः नेऊन दिले.
मी यादीचं सांगायला खाली गेलो, तेव्हा म्हणाली,
‘बरोबरच लिहिलंस की.
माणसं मला कुठे भेटतात?
मला भेटतं ते त्यांच्या मागे राहिलेलं.’
यावर काय बोलावं ते न सुचून
मी मशीनचा आवाज ऐकत उभा राहिलो.

घरी माझा भाऊ विल्बेर.
बारा वर्षं कोंबीच्या दारात लोंबकळून
त्याने थांब्यांची नावं पुकारली होती.
कोंबी बंद झाली, गळा बंद होईना.
झोपेत ओरडायचा, ‘आत सरका, आत जागा आहे!’
आणि मी, दिवसभर फोनवर
जागा नाही, जागा नाही म्हणून आलेलो,
अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचो.
वहिनी मिराफ्लोरेसच्या हॉटेलात खोल्या आवरायची.
तिला पत्र आलं: नोकरी आहे, पगार नाही.
कायद्यात याला परिपूर्ण स्थगिती म्हणतात.
परिपूर्ण. तो शब्द तिने तीनदा वाचला,
मग कागदाच्या चार घड्या करून
टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला.
टेबल डुगडुगायचं थांबलं.

रात्री आठला खिडक्यांतून टाळ्या पडायच्या.
पाण्याचा टँकर सकाळी सहाला यायचा.
टाळ्या वाजवणारेच हात ग्रिमानेसाला अडवायचे,
‘इस्पितळातली ना तू? सगळ्यांचं भरू दे, मग ये.’
त्या रांगेत तिच्यापुढे
कोणीही न विचारता हो लिहिलेलं होतं.

ऑगस्टात तिला खालून वर आणलं,
जिन्याने, कारण लिफ्ट प्राणवायूच्या टाक्यांसाठी राखून होती.
दाखल करायचा अर्ज माझ्याच टेबलावर आला.
चौथा प्रश्न: बाधितांशी थेट संपर्क आला होता का?
मी पेन धरून तिच्याकडे पाहिलं.
धाप लागलेली, तरी तिच्या डोळ्यांच्या कडांना
बारीक हसू आलं.
‘तूच सांग,’ म्हणाली, ‘तुझं अक्षर चांगलं आहे.’

ती वाचली. हे मुद्दाम सांगतो,
कारण अकरांतले तिघे वाचले नाहीत,
आणि त्यांच्या नावांपुढे आजही तेच लिहिलेलं आहे,
माझ्या चांगल्या अक्षरात नव्हे, छापील.

ऑक्टोबरात ती परतली, निम्मी होऊन.
भत्त्याचं विचारेल म्हणून मी उत्तर जुळवत होतो.
तिने विचारलं, ‘डबा कुठे आहे?
अंगठीचं कोणी आलं होतं का?’