हेपवर्थची वही

यंत्र घेतलं, त्याच्यासोबत एक वही आली,
निळी, कोपऱ्यांना तेलकट.
किथलीच्या उतारावरचं गॅरेज रिकामं करताना
रॉन हेपवर्थ म्हणाला, सहा सुया आहेत,
तिसरी जरा हट्टी. बाकी सगळं वहीत आहे.
किल्ली माझ्या हातावर ठेवली
आणि पावसात निघून गेला, टोपी विसरून.

पहिला आठवडा मी वही उघडलीच नाही.
मी इचलकरंजीची. मागांच्या खडखडाटात पाढे पाठ केलेली.
वडील जॉबर; माग कुठे दुखतोय
ते दारातूनच ओळखायचे, चहाची बशी हातात.
मला कोण शिकवणार दोऱ्याचं?

मग शाळेचे चाळीस स्वेटशर्ट आले,
छातीवर घुबड, सात हजार टाके.
पहिल्याच्या डोळ्यातच दोरा तुटला.
दुसऱ्याखाली गुंता, सुगरणीच्या खोप्याएवढा.
तिसऱ्याची कड एकीकडे, घुबड दुसरीकडे.
मी ताण आवळला. आणखी आवळला.
कापड आक्रसलं, रागावलेल्या कपाळासारखं.

रात्री अकराला वही उघडली.

ताण शेवटी बघायचा. आधी सुई बदल.
मग दोरा पुन्हा ओव, अगदी पहिल्या आकड्यापासून.
बॉबिनखाली ब्रश फिरव, फुंकर नको,
फुंकरीत ओल असते.

कापड रिंगमध्ये ताणू नकोस, सपाट ठेव, बस.
ताणलेलं कापड रिंग सुटली की मागे सरतं,
टाके सरत नाहीत.

उलट्या बाजूला बघ.
मधला तिसरा हिस्सा पांढरा दिसला तर ठीक.
सरळ बाजू खोटं बोलते.

सुई काढली. टोक नखावरून ओढलं
तर ओरखडा उठला. एवढ्याशा टोकापायी तीन घुबडं.
फाडायचं अस्तर काढून कापायचं लावलं.
बॉबिनची डबी तिच्याच दोऱ्याला टांगून झटका दिला,
कोळी उतरावा तशी दोन बोटं उतरली
आणि थांबली.
चौथं घुबड फांदीवर नीट बसलं.

मग झोप येईना म्हणून पुढे वाचत गेले.
अकरा वर्षं, रोज सकाळी एकच ओळ:
हुकाला एक थेंब.
एक थेंब.
एक थेंब.
मध्येच, चौदा मार्च: तेल नाही. जीन.
त्यानंतर नऊ कोरे दिवस.
चोवीस मार्च: दोन थेंब. जास्त झाले. पुसले.

कपाटात चाचणीच्या चिंध्या सापडल्या, पिशवीभर.
प्रत्येकीवर तेच नाव, चार अक्षरी, इंग्रजीत.
वहीत कारणही दिलंय:
त्यातल्या गोल अक्षरात ताण लगेच कळतो.
असेल. अक्षरं सव्वीस होती
आणि त्यातली बरीच गोल.

मी चिंध्या टाकल्या नाहीत.
त्यांच्याच उरलेल्या जागेत मी माझी चाचणी शिवते, धोटा,
देवनागरीत. शिरोरेषा वाकली तर समजायचं
खालचा दोरा ओढतोय.
वहीत आता माझ्या ओळी मराठीत आहेत,
थेंब मात्र तेवढाच.

सप्टेंबरात रॉन आला, टोपी न्यायला म्हणून.
दारातच थांबला. आत आला नाही.
यंत्र चालू होतं. मान जराशी कलती करून
ऐकत राहिला.
तिसरी अजून? म्हणाला.
अजून, म्हटलं.

मी शिवून झालेला स्वेटशर्ट पुढे केला.
घुबडाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.
बाही धरून उलटा केला, खिडकीशी नेला,
अंगठ्यानं पांढरी पट्टी मोजली,
आणि घडी घालून
बाकीच्या एकोणचाळीसांवर ठेवला.
टोपी परत विसरला.