गालाचा पुठ्ठा

विलू सामंतांनी वेंगुर्ल्याहून निरोप धाडला
मासळीच्या टेम्पोवाल्याकडून:
पटाशी, कानस, पॉलिश पेपर घेऊन ये.
मला वाटलं, देव्हारा असेल.

पडवीत बाजेवर इस्त्रीची पांढरी चादर
आणि चादरीवर ती. नवी रायफल.
न्हाऊ घालून निजवल्यासारखी.
"रिकामी आसा, भिया नको."
तीनदा उघडून दाखवली, तीनदा मी मान हलवली.
मी सावंतवाडीचा. लाकडी केळी, लाकडी फणस,
असल्या वस्तूपुढे हात कुठे ठेवायचे
ते ठाऊक नव्हतं.

आधी फोटो. पटाशी लागण्याआधीचे सगळे फोटो हवेत.
मला आरसा धरायला लावला,
वहिनींचा, कडेला टिकल्या चिकटलेला.
माडांतून येणारं ऊन मी त्याने नळीवर पाडायचं.
नळी, चाप, नंबर, अक्रोडाच्या रेषा.
(अक्रोड मी तोवर फक्त सुक्या मेव्यात पाहिलेला.)
"मागे सर, तुझी सावली येता."
एकात माझा अंगठा आला, तो त्यांनी पुसला.
एकात चादरीवर मुंगी आली. ती ठेवली.
दर फोटोनंतर तेलाचं फडकं,
कारण इथला वारा बोटांचे ठसे गंजवतो.

"एकदा चाप ओढल्यार
दुसरा काडतूस आपसूक चढता," म्हणाले.
माझ्या धंद्यात आपसूक काही चढत नाही.
शंभर फणस करायचे
तर काटे शंभर वेळा पाडावे लागतात.

काजूच्या भट्टीवर टरफलाचं तेल उडालं
त्याला सहा वर्षं झाली.
उजवा डोळा गेला, नेम डाव्याकडे आला.
कारखान्याला काय माहीत कुणाचा कुठला डोळा गेला!
त्यांनी कुंदा उजव्या खांद्यांसाठी घडवला.
मी म्हटलं, लोखंडाला हात लावणार नाही,
लाकडापुरतं सांगा.

खाजाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
त्यांच्या डाव्या गालाला लावला, पेन्सिल फिरवली.
दोन दिवसांची खुंटं. जबड्याखाली टोक गेलं
तेव्हा त्यांनी श्वास धरला.
इतकी वर्षं आंब्याचे गाल रंगवले मी,
गालाला आतून हाड असतं
हे विसरूनच गेलो होतो.

चार दिवस. भूस तांबूस, वास कडवट.
वहिनी केर काढता काढता
माजघराच्या दारात थांबल्या:
"डुकरांका मारूक, की नुसती बघूक?"
मी फुंकर मारून धूळ उडवली.

शेवटी पुन्हा फोटो.
या वेळी खांद्याला लावून, आणि फोन माझ्या हातात.
"उजवेसून नको," ते म्हणाले.
पण माझं काम सगळं त्याच बाजूला.
गाल टेकतो ती उंची, ती वळणं,
तिकडूनच दिसणार.
तेही त्यांना कळलं.
विहिरीवरचा पंप बंद झाला, मग नुसता समुद्र.
"काढ."

मी एकच काढला.
मिटलेली पापणी, तिच्यावरची चकाकती कातडी,
त्यापलीकडे लाकूड.
मागे सर म्हणालो नाही. सावली कुणाची येते ते पाहिलं नाही.
फोन त्यांनी घेतला,
बराच वेळ दोन बोटांनी मोठं करत राहिले.
काय मोठं करत होते, विचारलं नाही.

पंधरा दिवसांत निवडणूक लागली.
रायफल ठाण्यात जमा, पावती मिळाली.
त्याच आठवड्यात डुकरांनी सुरण उकरला,
असं टेम्पोवाला म्हणाला. हसत होता.

पुठ्ठा माझ्याकडेच राहिलाय.
दुकानात खिळ्याला टांगला आहे,
सीताफळाच्या मापाशेजारी.
गिऱ्हाईक विचारतं, हे कुठलं फळ?
मी पंखा वाढवतो. पुठ्ठा वळतो,
भिंतीकडे, मग परत माझ्याकडे.