लसणाचा वास

सकाळचे सात. मार्केट यार्डात सौदे सुटायचेत अजून.
शीतलशेठनी शटर अर्धं वर केलं,
आम्ही वाकून आत शिरलो
मी आणि गजू,
खांद्यावर वाळू भरलेल्या कापडी नळ्या
मेलेल्या अजगरासारख्या.

सातशे पोती हळद.
पोत्याला कान लावला की आतून कुरकुर येते.
गजू म्हणतो, दस्तगीरभाई, तुम्हाला भास होतो.
बारा वर्षं होतोय.
एक कांडी मोडून शेठना दाखवली:
टाचणीएवढं भोक, थोडी पूड,
आणि पुडीत तिळाहून बारीक तांबूस भुंगा
पाय पोटाशी घेऊन
मेल्याचं सोंग करत पडलेला.
"उरकून टाका," शेठ म्हणाले.
मग हळू आवाजात, "आईला बोलू नका काही."

रत्नाक्का आल्याच.
गावभागातून रिक्षानं, एकट्या,
हातात छोटी पिशवी, चष्म्याला दोरी.
ताडपत्री ओढून झाली होती,
नळ्या कडेनं दाबत होतो,
फटींना चिकटपट्टी.
त्यांनी रागावलं नाही. बाजूला बोलावून म्हणाल्या,
"हळद सडू देणार नाही मी. भाव मलाही कळतो.
फक्त एवढं सांग,
त्यांना किती वेळ लागतो?"

मला लोक पुष्कळ विचारतात.
विश्रामबागच्या फ्लॅटात विचारतात, ढेकूण परत आले तर?
हॉटेलवाले विचारतात, बिलावर तारीख मागची घालता येईल का.
पुराच्या साली हरिपूर रोडला एका मास्तरांनी विचारलं होतं,
वाळवीनं खाल्लेलं सर्टिफिकेट
परत कुठं मिळतं.
हे कुणी विचारलं नव्हतं.

म्हटलं, मोठ्यांना काही तास.
अंड्यांना जास्त.
म्हणून पाच दिवस झाकून ठेवायचं.
"अंड्यांना जास्त," त्या म्हणाल्या,
बाजारची यादी पाठ करावी तशा.
"मग पाच दिवस मी एकाशन करते.
शीतलला सांगू नकोस."

म्हणजे एकाच गोदामात
दोन माणसांची दोन गुपितं
आणि दोन्ही माझ्याकडं.

कवलापूरला आजोबा मुलाणकी करायचे.
आधी बकऱ्याला पाणी,
मग नाव घ्यायचं,
मग सुरी.
मी या धंद्यात पडलो तेव्हा अंथरुणातून विचारलं होतं त्यांनी,
"तू काय म्हणतोस रे, पंप मारताना?"
मी म्हटलं, दादा,
तोंडाला मास्क असतो.

गोळ्या ठेवल्या. शेवटची कड दाबली.
शटरवर कवटीचा कागद लावला.
गजूला पुन्हा बजावलं, नवीन आहे पोरगा:
लसणासारखा वास आला
की समज, कुठंतरी गळतंय,
मागं बघायचं नाही, बाहेर पळायचं.
रत्नाक्का रस्त्यापलीकडं उभ्या होत्या.
ज्या घरात कधी लसूण आला नाही
त्या घरच्या गोदामाला
आता पाच दिवस तोच वास.
मी हे त्यांना सांगितलं नाही.
गुपितं तीन झाली.

सहाव्या दिवशी ताडपत्री काढली, पंखे लावले,
मीटरनं तपासलं, मग झाडू मारला.
सुपलीभर तांबूस भुसा.
त्या आल्या होत्या, जरा उतरलेल्या.
सुपलीकडं बघत राहिल्या.
"किती असतील?"
फॉर्मवर रकाना नाही तसला.
फॉर्मवर असतं: कीड भुंगा, प्रमाण तीव्र,
वॉरंटी तीन महिने, ग्राहकाची सही.
सही शेठनी केली.
सुपली त्यांनी माझ्या हातून घेतली
आणि मागच्या दारानं गेल्या.
कुठं रिकामी केली, बघितलं नाही.

घरी आलो. मोरीत दोनदा अंग धुतलं,
तोवर पोरीला जवळ येऊ देत नाही मी.
स्वयंपाकघरात आस्मा
चटणीसाठी लसूण ठेचत होती.
उंबऱ्यावरच थांबलो,
टॉवेल खांद्यावर,
श्वास धरून.